कानावर पडतं, म्हणून शिकवायचं नाही?

शाळेत आफ्रिकेचं संगीत शिकवा, सिनेमाचं आणि रस्त्यावरचं संगीत शिकवा, आधुनिक चित्रकला आणि शरीर घडवण्याचं शास्त्र शिकवा, असं म्हटलं की नागपूरच्या जरीपटक्यात उत्तर हमखास एकच येतं. हिंदीत येतं, सिंधीत येतं, मराठीत येतं, मजकूर तोच. ‘हे सगळं पोरं बाहेर शिकतातच. त्याला शाळा कशाला?’ असं म्हणणारा माणूस अडाणी नसतो. दुकान सांभाळून, वसुलीला फिरून पोराची फी भरणारा बाप असतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या घरांनी ही वस्ती शून्यातून उभी केली. शेजारच्या इंदोऱ्यातल्या, बेझनबागेतल्या आंबेडकरी घरांनी शिक्षणाच्या जोरावर जे मिळवलं तेही कुणी आणून दिलेलं नव्हतं. अशा पालकाला गणिताचा एक तास कमी होईल याची भीती वाटली तर त्यात हसण्यासारखं काही नाही. पण भीती खरी आहे म्हणून युक्तिवादही खरा ठरत नाही, आणि हा युक्तिवाद खोटा आहे.

कागदावर तर हा वाद संपलेला आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय ही भिंतच पाडायला सांगितली. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं कलाशिक्षण आणि शारीरिक शिक्षण यांना गणित-विज्ञानाच्या रांगेत बसवलं, तेही दहावीपर्यंत. बालभारतीनं ‘खेळू, करू, शिकू’ नावाचं पुस्तकही काढलं. वेळापत्रकात मात्र परीक्षा जवळ आली की पहिला बळी चित्रकलेचा जातो, दुसरा पी.टी.चा. संगीत बहुतेक शाळांत बळी देण्याइतकंही जिवंत नसतं.

आता ‘बाहेर शिकतात’ म्हणजे काय शिकतात ते पाहू. चेटीचंडला झूलेलालची मिरवणूक निघते, १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीची. गाडीवर डीजे असतो आणि पोरगा त्या ठेक्यावर तासन्‌तास नाचतो. त्याला विचारा, हा ठेका कुठून आला? मूळ गाणं कोणतं आणि त्यावर नंतर काय चढवलं? एकच तुकडा फिरवून फिरवून गाणं कसं बांधलं? स्पीकरसमोर छातीत धडधडतं आणि घरी आल्यावर कानात शिट्टी वाजते, ती कशानं? निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे, ती कुणासाठी? एकाचंही उत्तर त्याच्याकडे नसतं, कारण बाहेर त्याला कुणी काही शिकवलेलं नसतं. त्याच्या कानावर फक्त आदळलेलं असतं. मराठी तर मुलाच्या कानावर जन्मापासून पडते. पैशाचे व्यवहार तो गल्लीतल्या दुकानावर रोज पाहतो. म्हणून मराठीचा आणि गणिताचा तास बंद करा, असं कुणी म्हणत नाही. उलट जे रोज भोवती आहे तेच नीट कळावं म्हणून मुलाला शाळेत घालतात. मग संगीतापाशी आल्यावर नियम उलटा का फिरतो?

यावर दुसरी फळी पुढे येते. ‘ठीक आहे, संगीत शिकवा. पण आपलं शिकवा. आफ्रिका कशाला?’

हा प्रश्न जरीपटक्यात विचारला जावा याची मला गंमत वाटते. ज्या सिंधची आठवण इथल्या घराघरांत तीन पिढ्या जपली जाते, त्या सिंधमध्ये आफ्रिकी वंशाचे शीदी शतकानुशतकं राहत आले आहेत. १८४३ मध्ये हैदराबादजवळच्या दुब्ब्याच्या रणांगणात इंग्रजांशी लढताना पडलेला होशू शीदी हा सिंधच्या अभिमानाचा विषय. तो याच समाजातला. पायावर उभा राहणारा त्यांचा मोठा ढोल, मुगरमान, सिंधमध्ये वाजतो तसाच गुजरातच्या सिद्दींमध्येही वाजतो. आणि मराठी माणसाला आफ्रिका परकी वाटावी हे तर नवलच. निजामशाही तोलून धरणारा आणि १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबर हबशी होता. जंजिऱ्याचे सिद्दी शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात आहेत, पण तिथे ते फक्त किल्ला न देणारे शत्रू म्हणून येतात. त्यांना गाणं होतं, ढोल होता, देवाला आळवण्याची रीत होती, हे मुलाला कुणी सांगत नाही.

दुसरा धागा इंदोऱ्याच्या दिशेनं जातो. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या काळ्या माणसांना गुलामीतून सोडवणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिनं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. जनार्दन वाघमाऱ्यांनी अमेरिकन निग्रो साहित्यावर मराठीत पुस्तक लिहिलं, आणि आपल्या साहित्य संमेलनांत त्या साहित्याची दलित साहित्याशी तुलना वर्षानुवर्षं झाली. मात्र तिथल्या काळ्या माणसांनी कापसाच्या शेतात, तुरुंगात, चर्चमध्ये जे गायलं ते आपण ऐकलंच नाही. पुस्तकं वाचली आणि कान बंद ठेवले. ब्लूज, जॅझ, १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये जन्मलेलं हिपहॉप, आणि आज आपल्याच गल्लीतल्या पोरांच्या मोबाइलवर चालणारं मराठी-हिंदी रॅप, ही एकाच घराण्याची वंशावळ आहे. ती आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडली तर इतिहासाचे किती धडे आपोआप उलगडतील!

‘शिकवणार काय त्यात?’ असं विचारणाऱ्यांसाठी एक धडा इथेच लिहितो. वर्गात एकही वाद्य नसू दे. सहा मात्रा मोजायच्या. डावीकडच्या रांगांनी १, ३, ५ वर टाळी द्यायची. उजवीकडच्यांनी १ आणि ४ वर. एकाच वेळेत इकडे तीन टाळ्या पडतात आणि तिकडे दोन, आणि पहिल्या मात्रेवर दोघं भेटतात. सुरुवातीला वर्ग कोसळतो. कुणीतरी शेजाऱ्याच्या टाळीत वाहून जातं, हशा पिकतो. मग केव्हातरी ते बसतं, आणि मुलांच्या लक्षात येतं की एकच नाद तीनाच्या बाजूनंही ऐकता येतो आणि दोनाच्या बाजूनंही. पश्चिम आफ्रिकेच्या ढोलवादनाचा हा पाया आहे. घाना-टोगोतल्या एवे लोकांची घंटा त्यापुढे जाऊन बारा मात्रांत सात ठोके अशा अंतरानं टाकते की सम कुठे आहे यावर जाणकारही क्षणभर चाचपडतो. आता गल्लीतल्या तबल्याच्या मास्तरांना विचारा. तीनास दोन म्हणजे ‘आड’, दीडपट, असं ते तत्काळ सांगतील. एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं, ही आफ्रिकी गायनाची रीत ऐकवा. शाहिराच्या मागे झील धरणारे आठवल्यावाचून राहणार नाहीत. आफ्रिका शिकवल्यानं आपलं हरवत नाही. शेजारी दुसरं ठेवल्याखेरीज आपलं काय आहे ते दिसतच नाही.

(यानं गणित सुधारतं, असा दावा मी करणार नाही. संगीताची शिफारस गणिताच्या दारात उभं राहून करायची, ही सवय एकदा सुटायला हवी.)

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना मी नागपूरचंच उदाहरण देतो. इथल्या श्रीराम संगीत विद्यालयात शंकरराव सप्रे शिकवत. त्यांच्याकडे वसंतराव देशपांडे शिकले, आणि त्यांच्याकडेच पुणतांब्याचा रामचंद्र चितळकर नावाचा मुलगाही शिकला. तो पुढे संगीतकार सी. रामचंद्र झाला. ‘अलबेला’मध्ये, १९५१ साली, त्यानं बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट घेऊन जे केलं त्यावर चित्रपटगृहं नाचली, १९५७ च्या ‘आशा’मध्ये त्यानं रॉक अँड रोल मराठी-हिंदी घरांत आणला. त्याच्या सोबतीला चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रम्पेटवाला होता. मुंबईत ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकात टेडी वेदरफोर्डसारखे अमेरिकेतले काळे वादक वाजवत. ते संगीत ज्यांनी आत्मसात केलं त्या गोमंतकीय वादकांपैकी हा एक. म्हणजे आफ्रिकेतून अमेरिकेत, तिथून ताजमध्ये, आणि तिथून नागपुरात तालीम घेतलेल्या एका चितळकराच्या चालीत, असा तो प्रवास आहे. रागदारीची तालीम त्याच्या आड आली नाही. उलट तिच्यामुळेच तो हे पचवू शकला.

बंदी घालून काय होतं, हेही आपण पाहिलेलं आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ १९५२ मध्ये केंद्रात नभोवाणीमंत्री झाले. सिनेसंगीतानं लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं मत होतं, आणि आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपार झालं. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई सिलोनकडे वळवली आणि ‘बिनाका गीतमाला’ ऐकली. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीलाच विविध भारती काढावी लागली. हार्मोनियमची गोष्ट याहून बोलकी. युरोपातून आलेलं हे वाद्य आकाशवाणीनं १९४० मध्ये परकं म्हणून बंद केलं, आणि आज पेटीशिवाय भजन ही कल्पना कुठल्याही मराठी गावात करून पाहावी. शाळेनं रस्त्यावरचं संगीत दाराबाहेर ठेवलं तर ते थांबणार नाही; फक्त त्याची जाण शाळेकडून मिळणार नाही.

सरकारनं यात आपला एक घोळ घातला आहे. दहावीला शास्त्रीय गायन-वादन-नृत्याला सवलतीचे गुण आहेत, लोककलेला आहेत, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना आहेत, खेळाला आहेत. हेतू चांगला असेल. पण कला ही टक्के वाढवण्याची पुरवणी झाली. जे अभ्यासाला वेळ नाही म्हणत होते तेच पालक गुणांसाठी मुलाला क्लासला घालू लागले, आणि ज्या संगीताला गुण नाहीत ते आपोआप हलकं ठरलं.

चित्रकलेत याचा परिणाम फार उघडा दिसतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांशी माझं भांडण नाही. मडकं आणि कापडाची घडी नीट पाहून काढायला शिकणं ही मोठी गोष्ट आहे. पण ‘भाजीबाजार’ आणि ‘बसथांबा’ ही स्मरणचित्रं क्लासमध्ये घोटून घ्यायची, प्रत्येक मुलाच्या भाजीवालीनं त्याच अंगानं बसायचं, आणि याला स्मरण म्हणायचं! या तालमीतून गेलेल्या माणसापुढे आधुनिक चित्र ठेवलं की तो म्हणतो, ‘हे तर माझं पोरगंही काढेल.’

त्याला सांगावं, की चित्रकार वासुदेव गायतोंडे नागपुरात जन्मले, २ नोव्हेंबर १९२४ ला. आईवडील गोव्याचे. मुंबईच्या जे.जे. कला शाळेतून १९४८ मध्ये पदविका घेतली, आणि पुढे माणूस, झाड, घर सगळं चित्रातून काढून टाकत गेले. उरले ते रंगांचे थर: रोलरनं चढवलेले, पातीनं खरवडलेले, एकाखालून एक उजळणारे. वर्षाकाठी मोजकीच चित्रं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. किंमत सांगितली की काही पालक सावरून बसतात म्हणून तीही सांगतो: २०१५ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २९ कोटी रुपयांच्या वर गेलं. या शहरातल्या शाळेत त्यांचं नाव किती वेळा उच्चारलं जातं, हे आपल्या मुलाला विचारून पाहावं. ‘माझं पोरगंही काढेल’ याचं उत्तर तर सोपं आहे. काढू द्या. एक कागद, एकच रंग, एक जुनं ब्लेड. थरावर थर चढवायचा, थोडा खरवडायचा आणि ओळखू येईल अशी एकही वस्तू काढायची नाही. अर्ध्या तासात मूल येऊन म्हणेल की हे मडक्यापेक्षा कठीण आहे, कारण कुठे थांबायचं ते कळत नाही. आधुनिक कलेचा पहिला धडा तिथे झाला.

सय्यद हैदर रझा यांची गोष्टही आपल्याच मुलखातली. जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती आणि रझा त्याच प्रांतातल्या मंडला जिल्ह्यातले. ककैय्याच्या प्राथमिक शाळेत या मुलाचं लक्ष लागेना. नंदलाल झारिया या शिक्षकांनी शाळेच्या भिंतीवर एक बिंदू काढला आणि त्याच्याकडे बघत बस म्हणाले. रझा पुढे नागपूरच्या कला शाळेत शिकले, जे.जे.ला गेले, पॅरिसला गेले, आणि अर्धं आयुष्य उलटल्यावर तो बिंदू त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी येऊन बसला. त्या मास्तरांकडे ना प्रोजेक्टर होता ना अनुदान. लक्ष लागत नाही म्हणून त्यांनी मुलाला उठाबशा काढायला लावल्या नाहीत, एवढं मात्र नोंदवावं.

कारण उठाबशांवरून थेट व्यायामावर येता येतं. शाळेत धावणं हे बहुतेक मुलांना शिक्षा म्हणून भेटतं. गृहपाठ नाही, मैदानाला पाच चकरा. उशीर झाला, दोन चकरा. आठ-दहा वर्षं असं केल्यावर मोठं झालेलं मूल धावायला का निघत नाही, याचं आपल्याला आश्चर्य वाटतं. उरलेली पी.टी. म्हणजे २६ जानेवारीची कवायत. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर दमेल असं काही करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा तास आपल्या मुलाच्या दिवसात कुठे आहे? शाळा, रिक्षा, क्लास, पुन्हा क्लास. मुलींचं तर विचारूच नका. मैदान मोकळं असलं तरी ते मुलांनी धरलेलं असतं.

आणि यात शिकण्यासारखं भरपूर आहे. स्वतःची नाडी मोजणं. पळण्याआधी आणि पळून झाल्यावर तिच्यात काय फरक पडतो ते वहीत लिहिणं. पारा ४५ वर जाणाऱ्या नागपूरच्या एप्रिलमध्ये किती वाजता खेळायचं, पाणी कधी प्यायचं, ऊन लागल्याची लक्षणं कोणती. पाळीच्या दिवसांत खेळावं की नाही, याचं सरळ उत्तर. हे शाळा सांगत नाही, म्हणून सोळाव्या वर्षी पोरगा जिममध्ये जातो आणि शरीरशास्त्र पावडरच्या डब्यावरून शिकतो.

विदर्भात हे शिकवणाऱ्यांची परंपरा नाही असंही नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. १९३६ मध्ये त्यांच्या पथकानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी करून दाखवली. नागपुरात विजय बारसे हे महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक. झोपडपट्टीतली पोरं पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांनी पाहिली आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं. नागराज मंजुळ्यांचा ‘झुंड’ त्यावरच आहे. तो सिनेमा पाहून डोळे पुसणाऱ्यांनीच सोमवारी पी.टी.चा तास विज्ञानाला दिला, हे मात्र मला पचत नाही.

आता विरोधकांचा एकच मुद्दा खरा वजनदार आहे, तो घेतो. ‘शिक्षक कुठे आहेत?’ शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे निदेशक सांगितले आहेत; पण अर्धवेळ, आणि तेही पटसंख्या शंभराच्या वर असेल तरच. नव्याण्णव मुलांच्या शाळेला चित्र काढायची गरज नाही, असं कायद्यानंच ठरवलेलं आहे! इथे पालकांनी शाळेवर नव्हे, सरकारवर चिडलं पाहिजे, आणि ती चीड मला हवीच आहे. तासिका तत्त्वावर राबवलेला माणूस मुलांना वर्षभर सांभाळेल ही अपेक्षा अन्यायाची आहे. पण सरकार जागं होईपर्यंत हात बांधून बसण्याचंही कारण नाही. उत्तर नागपुरात भीमगीतं गाणारे आहेत, बँडपथकांत क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजवणारे आहेत, सिंधी लग्नांत लाडा ही गाणी म्हणणाऱ्या आज्या आहेत, मानकापूरच्या क्रीडा संकुलात घाम गाळणारे प्रशिक्षक आहेत. ट्रम्पेटवाल्या काकांना लग्नसराई सोडून इतर महिन्यांत आठवड्याचे दोन तास आणि त्याचे रीतसर पैसे द्या. ते येतील.

पैसे नाहीत, असं यावर उत्तर येतं. वेळही नाही. म्हणून शेवटी गॅदरिंगविषयी विचारतो. दर हिवाळ्यात शाळांमध्ये नृत्यदिग्दर्शक येतो, बहुतेक ठिकाणी तो बाहेरचा असतो आणि पैसे घेतो. तालमीसाठी गणिताचे, विज्ञानाचे तास मोडतात आणि तेव्हा एकाही पालकाला अभ्यासाची आठवण होत नाही. भाड्याचे पोशाख, स्टेज, दिवे, डीजे. यातला बराच खर्च पालकच करतात, हौसेनं करतात. गाणी सिनेमाची असतात, ठेका आफ्रिकेहून अमेरिकेमार्गे आलेला असतो, मागचा पडदा कुणीतरी आधुनिक चित्रासारखा रंगवलेला असतो, आणि दीड मिनिटाच्या नाचात मुलांना धाप लागते. म्हणजे पॉप्युलर संगीत, नवी कला आणि फिटनेस हे तिन्ही विषय आपल्या शाळेत आधीच शिरलेले आहेत; त्यांच्यावर वेळही खर्च होतो आणि रोकडही. फक्त त्यातलं काही शिकायचं नाही, एवढाच नियम आहे. पुढच्या पालकसभेत गॅदरिंगच्या बिलांची फाइल टेबलावर मागवा, तालमीत गेलेल्या तासांची बेरीज करा, आणि मग वेळ नाही, पैसे नाहीत हे वाक्य पुन्हा म्हणून दाखवा.